चोडणच्या खारफुटीत एक दिवस

समुद्राच्या भरती-ओहोटीचे गणित आपल्या वाडवडिलांनी एका सोप्या सूत्रात बांधून ठेवले आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा भरतीचा तास समजावा. चतुर्थी असली, तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास पूर्ण ओहोटी. स्थलपरत्वे हा हिशेब तासाभराने मागेपुढे होतो. आमच्या मांडवीत पाणी काहीसे लवकरच चढते. परंतु ज्याला घड्याळ नव्हते, त्या नाखव्याचे काम या पाऊणकीने शेकडो वर्षे भागविले आहे.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाची सहल ठरविताना मी हेच गणित फळ्यावर मांडले. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यास जायचे होते. सकाळी ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडलेला असताना पायवाटेने हिंडावे आणि दुपारी भरतीचे पाणी चढू लागले की होडीने आतल्या खाड्यांतून जावे, अशी माझी योजना होती. मुलांनीच पंचांग चाळून मार्गशीर्ष वद्य चतुर्थी निवडली. त्या दिवशी संकष्टी असल्यामुळे आमच्या दोन शिक्षिकांचा उपवास होता. पण त्यांनीही आनंदाने होकार दिला.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील ज्या वाचकांच्या नित्य परिचयात समुद्र नाही, त्यांना खारफुटीचे रान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न पडेल. नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे गोडे पाणी आणि खारे पाणी यांची दिवसातून दोनदा झटापट चालते. त्या चिखलात आंबा-फणस तर सोडाच, साधे गवतही सहसा तग धरीत नाही. अशा जागी हट्टाने उभी राहणारी जी झाडे, ती खारफुटी. कोणी त्यांना तिवर म्हणतात, कोणी कांदळ. त्या दिवशी मुलांना या झाडांची ओळख करून द्यावी, एवढाच माझा हेतू होता. ती ओळख झाली; परंतु एका मुलाच्या प्रश्नाने मला स्वतःलाही पुन्हा बाकावर नेऊन बसविले. तो प्रश्न यथाक्रम पुढे येईलच.

रायबंदरहून पलीकडे

पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता सतराव्या शतकात बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या सेतुमार्गावरून जातो. एका बाजूस मांडवी, तर दुसऱ्या बाजूस मिठागरे आणि खारफुटी. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि काही मिनिटांतच चोडणच्या काठाला लागते. बेटाचे जुने नाव चूडामणी होते असे सांगतात. आज माशेल येथे असलेल्या देवकीकृष्णाचे मूळ स्थान हेच बेट. पोर्तुगीज राजवटीच्या आरंभीच्या काळात देव येथून आधी मयेला आणि नंतर माशेलला नेण्यात आला. ही हकिगत मुलांना फेरीबोटीतच सांगितली. आपण केवळ पक्षी पाहावयास निघालो नसून एका जुन्या गावाच्या दारी निघालो आहोत, हे त्यांना कळावे अशी इच्छा होती.

अभयारण्य बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. चालून जाणाऱ्यास वाटावे, एवढेसे हे रान! १९८८ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तलेल्या डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. सलीम अली यांच्या बालपणातील प्रसंग मुलांना ठाऊक होता. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला आणि तेथील मिलार्डसाहेबांनी त्याच्यासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटच उघडले. एका प्रश्नाला कोणी न हसता उत्तर दिले, म्हणून देशाला एवढा पक्षिशास्त्रज्ञ लाभला. शिक्षकी पेशातील माणसाने ही गोष्ट वर्षातून एकदा तरी स्वतःला सांगावी.

ओहोटीची शाळा

आम्ही पायवाटेला लागलो तेव्हा पाणी पार उतरले होते. दोहो बाजूंना काळाशार चिखल आणि त्यातून हजारो पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी टोके वर आलेली. मुलांना वाटले, कोणी झाडे तोडून खुंट ठेवले आहेत. वनरक्षकाने सांगितले, ही तिवराची श्वास घेणारी मुळे. चिखलात हवा शिरत नाही, म्हणून मुळेच जमिनीबाहेर येऊन हवा घेतात. शेजारी कांदळाचे झाड होते. त्याची तऱ्हा निराळी. त्याच्या खोडापासून कमानीसारखी मुळे सुटून चिखलात रुतलेली. मांडव घालताना आपण चहू अंगांनी टेकू देतो, तसे हे झाड स्वतःलाच टेकू देते.

कांदळाच्या फांद्यांवरून हातभर लांबीच्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. ‘शेवग्याच्या शेंगा!’ असे एक मुलगी ओरडली. वस्तुतः त्या शेंगा नव्हत. ते अंकुर होते. बी जमिनीवर पडून रुजू लागले, तर दुसऱ्याच भरतीस वाहून जाईल. म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच अंकुरते. मूल चालते-बोलते होईपर्यंत आईने कडेवर वागवावे, तसे झाड त्याला वागविते. पुढे तो अंकुर गळून पडतो आणि टोकाने चिखलात रुततो किंवा पाण्यावर तरंगत दूरच्या काठाला जाऊन लागतो.

मिठाशी या झाडांचा व्यवहार कसा चालतो, हे समजावून देण्यासाठी वनरक्षकाने तिवराची एक फांदी वाकवून धरली. पानाच्या पाठीला जिभेचे टोक लावण्याची त्याने एकाच मुलाला परवानगी दिली. मुलाने तोंड वाकडे केले आणि सगळे हसले. तिवर खारे पाणी आत घेते आणि जादा मीठ पानांतून बाहेर टाकते. उन्हात ते पानावर पांढुरके दिसते. कांदळ मात्र बरेचसे मीठ मुळांच्या दारातच अडवितो. आमच्यातील एका शिक्षिकेने त्यावर मार्मिक शेरा मारला, ‘‘काही माणसे कटकट घरात येऊच देत नाहीत, काही घरात घेऊन मग बाहेर काढतात.’’

लगेच दुसरा धडाही मिळाला. पुढे गेवा नावाचे झाड होते. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीला अपाय होतो. तेव्हा अनोळखी झाडाला हात लावू नये आणि जीभ तर मुळीच लावू नये, हे वनरक्षकाने दोनदा बजावले.

चिखलावर तर जणू जत्रा भरली होती. एक नांगी स्वतःच्या अंगाएवढी मोठी आणि दुसरी इवलीशी असा एक खेकडा ती मोठी नांगी हलवून सारखा कोणाला तरी बोलावीत होता. मोठी नांगी फक्त नराला असते. ती हलवून तो मादीला आपल्या बिळाकडे आमंत्रण देतो. निवटी नावाचा मासा पाण्याबाहेर येऊन परांच्या आधाराने चिखलावर उड्या मारीत होता. अंगाची कातडी ओली असेपर्यंत तो हवेतही श्वास घेऊ शकतो. पुस्तकात ‘मासा पाण्याबाहेर जगत नाही’ असे वाक्य पाठ केलेली मुले त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटते, ते एक वाक्य खोडले गेले, एवढ्यानेही सहलीचा खर्च भरून निघाला.

पक्षीही पुष्कळ दिसले. ओहोटीच्या कडेकडेने पांढरे बगळे एकेक पाऊल मोजून टाकीत होते. छोटे पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. खंड्याच्या तर किती तऱ्हा! नेहमीचा पांढऱ्या छातीचा, काळ्या टोपीचा आणि मोठ्या लाल चोचीचा. थंडीत उत्तरेकडून येणारे तुतवार शेपटी हलवीत चिखल टिपीत होते. हजारो मैल उडून आलेल्या त्या मूठभर जिवाला हा चिखल म्हणजे वाटेवरची खानावळ.

भरतीबरोबर

दुपारी डबे आटोपून आम्ही दोन होड्यांत बसलो. पाणी चढू लागले होते. सकाळी ज्या चिखलावर खेकडे नाचत होते, तो आता दिसेनासा झाला होता. होडी आतल्या अरुंद खाडीत शिरली तशी दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर जवळजवळ भेटल्या. मुले आपोआप गप्प झाली.

होडी वल्हविणारे काका साठीच्या पुढचे होते. त्यांनी चिपीचे झाड दाखविले. हिरव्या फळाच्या देठाशी चांदणीसारख्या पाकळ्या. याची फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांवर येतात. याच झाडाची हलकी मुळे मच्छीमार पूर्वी जाळ्याला बूच म्हणून बांधीत. काकांचा सारा हिशेब मात्र माशांचा होता. शेवटे, काळुंदर, चणक, सुंगटे यांची पिल्ले याच मुळांच्या जाळीत वाढतात. मोठा मासा येथे शिरू शकत नाही. गळालेली पाने चिखलात कुजतात, त्यावर बारीक जीव पोसतात, त्यांवर ही पिल्ले. ‘‘मास्तर, तुमच्या ताटातल्या हुमणाचा मासा आधी इथल्या बालवाडीत शिकून गेलेला असतो,’’ असे ते म्हणाले.

मगरीचा विषय निघणे अपरिहार्यच होते. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. एरवी गोड्या पाण्यात राहणारी ही जात येथे खाऱ्या पाण्याला सरावली आहे. झुआरीकाठच्या काही गावांतून पौषातील अमावास्येस चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. त्यास मानगे थापणी म्हणतात. खाजनाच्या बांधाशी ज्याचे पोट बांधलेले, त्या शेतकऱ्याने पाण्यातल्या राखणदाराशी केलेली ही सोयरीकच म्हणावयाची.

मग मी माझे ठरलेले निरूपण सुरू केले. खारफुटी लाटांचा जोर मोडते, काठाची धूप थांबविते, माशांना आसरा देते, चिखलात कार्ब साठवून हवेचेही रक्षण करते. गोव्यात तिचे क्षेत्र जेमतेम २७ चौरस किलोमीटर आहे, असे २०२१ च्या वन सर्वेक्षणात नोंदले आहे. तेव्हा खारफुटी आपली मैत्रीण आहे, तिला जपले पाहिजे, वगैरे.

एका मुलाचा प्रश्न

होडीच्या टोकाला एक मुलगा बसला होता. वर्गात सहसा न बोलणारा. तो म्हणाला, ‘‘सर, आमचे शेत आता असेच दिसते.’’

मला प्रथम उमगले नाही. त्याने हात करून झाडांकडे दाखविले. ‘‘असेच. आधी तिथे भात व्हायचे. आजी म्हणते, तिवरांनी आमचे शेत खाल्ले. मग ती मैत्रीण कशी?’’

सव्वीस मुले माझ्याकडे पाहत होती. मजपाशी उत्तर नव्हते. काकांनी वल्हे आडवे धरले आणि माझी अडचण ओळखून ते हळूच बोलले, ‘‘बाबा, तिवर घर फोडून येत नाही. दार उघडे राहिले, की येते.’’

तेवढ्याने मुलाचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो.

खाजनाची घडी

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. गोव्याच्या नद्यांकाठची सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन खाजन म्हणून ओळखली जाते. ही जमीन भरतीच्या पातळीहून सखल. ती पूर्वजांनी माती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून खाडीपासून सोडविली. बांधात जागोजागी लाकडी दारांची मानस असते. बाहेर भरती आली, की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतील पाणी दार उघडून बाहेर जाते. यंत्र नाही, वीज नाही, पहारेकरी नाही! बाहेर जाणाऱ्या पाण्याला जाळे लावून मासळी धरावयाची आणि आत कोरगुट भात पिकवावयाचा. कोरगुट हे खाऱ्या जमिनीत तग धरणारे आमचे जुने वाण.

या व्यवस्थेत खारफुटीलाही नेमून दिलेली जागा होती. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला, ती उभी राही व लाटा अंगावर घेई. बांधावर मात्र तिला वाढू देत नसत, कारण तिच्या मुळांनी आणि तेथे घर करणाऱ्या खेकड्यांनी बांध पोखरला जातो. आत शेत, बाहेर रान आणि मध्ये माणसांनी राखलेला बांध. बांधाची निगा गावकरी ही संस्था ठेवी. तिच्या चालीरीती १५२६ सालच्या पोर्तुगीज सनदेतही नोंदल्या गेल्या, इतकी ती जुनी. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्यायाचेच झाले. परंतु एकट्यादुकट्या कुळाला बांध सांभाळणे शक्य नसते. पुढे खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटा बांधांवर आदळल्या, काही ठिकाणी मासळीच्या लोभाने मानशीची दारे नको तेव्हा उघडी राहिली, शेतीवरून तरुणांचे मन उडाले. बांध सगळ्यांचा, म्हणून तो कोणाचाच राहिला नाही.

त्या मुलाच्या शेताची कथा याच मासल्याची. एका पावसाळ्यात बांधाला भगदाड पडले. डागडुजी कोणी करावी यावर बोलणी होत राहिली आणि तेवढ्यात दोन पावसाळे गेले. खारे पाणी आत येऊन बसले. पाण्याबरोबर अंकुर आले. आज तेथे पुरुषभर उंचीची तिवरे उभी आहेत. किनारा नियमन अधिसूचनेचे संरक्षण असल्यामुळे परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. आणि ती तोडून बांध पुन्हा घालावा इतके बळ त्या घरात नाही.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. कोरगुटाची पेज कशी लागे, हे त्यांनी मला सांगितले. मी खारफुटीचे फायदे सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. निघताना त्या म्हणाल्या, ‘‘मास्तर, पोरांना झाडे दाखवायला नेता, ते बरेच करता. पण बांध दाखवायला कधी नेणार?’’

सोमवारी वर्गात मी सरळ कबूल केले, की होडीत दिलेला धडा अर्धाच होता. खारफुटी मैत्रीण खरी. परंतु मैत्रिणीलाही अंगण आणि माजघर यांतील फरक राखूनच वागवावे लागते. त्या दोहोंमधला उंबरठा राखणे हे झाडाचे काम नव्हे, ते आपले. चोडणचे रान राखलेच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्रातील खारफुटीची तोड रोखण्याचे जे कडक आदेश दिले, तेही योग्यच. परंतु जेथे बांध अजून उभा आहे, तेथे तो फुटण्यापूर्वीच त्यावर माती घातली, तर शेतही वाचते आणि त्याच्या बाहेरचे रानही. एक वाचविण्यासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची वेळ बहुतेक वेळा आपल्या आळसामुळे येते.

यंदा सहलीचे दोन दिवस केले आहेत. एक चोडणला रानात, दुसरा जवळच्या एका खाजनाच्या बांधावर. त्या मुलाने डब्याच्या पत्र्याची मानस करून शास्त्राच्या प्रदर्शनात ठेवली. बादलीने पाणी ओतले की दार मिटत असे. पाहणाऱ्यांनी कौतुक केले. आजींचे शेत मात्र अद्याप पाण्यातच आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

आपणही जा

गोव्यास देवदर्शनासाठी येणारी आपली कुटुंबे मंगेशी-शांतादुर्गा करून परततात. त्यांनी अर्धा दिवस काढून चोडणला अवश्य जावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पायवाटेसाठी ओहोटी, होडीसाठी भरती. पंचांग जवळ ठेवावे. भडक कपडे टाळावेत, आवाज हळू ठेवावा, दुर्बीण असल्यास न्यावी, प्लास्टिक नेऊ नये.

गोव्यास येणे न जमले, तरी निराश होण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी काकिनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीतून समुद्राला मिळते. हैदराबादकरांना ते अभयारण्य सोयीचे. वडोदऱ्याच्या मंडळींना जामनगरकडील सागरी राष्ट्रीय उद्यान पाहता येईल. मुंबईस नातलगांकडे जाणाऱ्यांना ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे.

मुलांना न्या, आणि परतताना त्यांना एवढेच विचारा, की आपल्या घराजवळचा बांध कोणता आणि तो कोण राखतो. बांध खाजनाचाच असला पाहिजे असे नाही. गावाचे तळे असेल, ओढ्याचा काठ असेल, गल्लीतील जुनी विहीर असेल. उत्तर देताना आपण अडखळलो, तर अडखळावे. मीही होडीत अडखळलो होतो.